पांगाऱ्याचं टोपरं

गिरीज, वसई (जि. ठाणे)
रविवार, १७ नोव्हेंबर १९५७

चि. कॉन्रॅड यास आलूमामाचे अनेक आशीर्वाद.

आधी घरातल्या सगळ्यांची विचारपूस, मग बाकीचं. रेजिनाचा खोकला गेला का? मोंबासाची हवा दमट आहे असं तू लिहिलं होतंस. तिला म्हणावं, माहेरी काय कोरड्या हवेत वाढलीस होय? आल्याचा रस मधात चाटायला लाव. पीटरचे पुढचे दात आले का? फोटोत तर नुसती खिडकी उघडी दिसते. धाकट्या बेटीला देवी टोचल्या तेव्हा दंड सुजला होता, तो उतरला ना? आणि तुझा डावा गुडघा? त्याबद्दल तू कधी एक अक्षर लिहीत नाहीस, म्हणून मी समजतो की दुखतो.

इकडे आमची सालोमी, म्हणजे तुझी आई, बरी आहे. पाठ धरते म्हणून कुरकुरते, पण वाडीतलं पाणी दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. मटिल्डाचं लग्न ठरल्यापासून तुझी ही बहीण भिंतीशीसुद्धा हसत बोलते. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतो, थांबा, अजून पिकू दे. जसा काही केळ्याचा घडच. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे. तसंही चौथीनंतर मला शाळेने आणि मी शाळेला सोडलं, त्यामुळे सरळ कधी नव्हतंच.

तुझं पत्र बुधवारी पोचलं. सालोमीला वाचता येत नाही, म्हणून नेहमीसारखं ओट्यावर बसून मी मोठ्याने वाचलं. बोट आठ जानेवारीला मुंबईला लागणार हे ऐकून तिने दोनदा वाचायला लावलं. बारा तारखेचं लग्न, म्हणजे पोरगा चार दिवस आधी घरात, असं बोटांवर मोजून पाहिलं. मटिल्डासाठी रेशमी कापड आणतोयस, तेही वाचलं.

मग तुझी शेवटची ओळ आली. ‘एकनाथच्या घरी आमंत्रण जाता कामा नये. तो मांडवात दिसला तर मी उलट्या पावली बोटीवर जाईन.’

ती मी वाचली नाही. नुसता डोळा फिरवला आणि कागदाची घडी घातली.

सालोमी म्हणाली, “एवढंच लिहिलंय?”

“एवढंच,” मी म्हटलं.

“मग तुझा चेहरा का असा झाला?”

“मोतीबिंदू,” मी म्हटलं.

तुझ्या आईला मी आयुष्यात फार वेळा फसवलेलं नाही. ही दुसरी खेप. पहिली कोणती ते सांगायलाच हे पत्र घेऊन बसलोय, पण आज माझ्याने होईलसं दिसत नाही. वहीची पानं फाडून ठेवली आहेत. उद्या-परवा लिहितो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज वर्कशॉपात काही काम नव्हतं. वर्कशॉप म्हणजे तेच रे, चिंचेखालचं झापांचं छप्पर, ज्याला तू आणि एकनाथ ‘आलोशियस कंपनी’ म्हणायचात. खिळ्यावर टांगलेलं तुझं शर्यतीचं टोपरं काढलं आणि पुसून मांडीवर घेऊन बसलो.

तुला आठवतं का, ते कसं झालं? लढाई संपली आणि लष्कराने जुन्या फटफट्या लिलावात काढल्या. एकनाथने केळीच्या पैशातून एक उचलली. त्याच सहा महिन्यांत तू कुठून तरी दुसरी, मोडकी, बैलगाडीत घालून आणलीस. चिखलाच्या रंगाची ती दोन धुडं चिंचेखाली उभी असायची आणि तुम्ही दोघं त्यांच्याखाली आडवे. दुपारी एकनाथची आई रुक्मिणीबाई कुंपणावरून हाक मारायची, “अरे, मेलात की जिवंत आहात?” आणि पिकलेल्या केळ्यांची फणी आत टाकायची. तुमच्या ग्रीसच्या हातांनी केळी काळी व्हायची, तशीच खायचात. ते दिवस मला माझ्या लग्नाच्या दिवसांपेक्षा जास्त आठवतात. मरियाच्या आत्म्याला शांती लाभो, ती हे वाचणार नाही म्हणून लिहितो.

मग वाद निघाला, कोणाची गाडी जलद. शर्यत कशी, तर दोघांनी शेजारी शेजारी उभं राहायचं, इशारा झाला की उभ्या जागेवरून सुटायचं आणि अर्धा मैल नाकासमोर. वळण नाही, काही नाही. आधी पोचेल तो जिंकला. जागा भुईगावची पुळण, ओहोटीच्या वेळची, ओली वाळू फरशीसारखी कडक असते तेव्हा. दिवस ईस्टरनंतरचा सोमवार.

मी म्हटलं, खुशाल पळा, पण माझी दोन कामं झाल्याशिवाय नाही.

आपल्याकडे माडावर चढणारा पायात फास घातल्याशिवाय बुंध्याला हात लावत नाही. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मग चाकांवर बसून वाऱ्यासारखं जाणाऱ्याने उघडं डोकं का न्यायचं? पाचूबंदरची धोंडूबाई बोंबील घेऊन यायची, तिला मी जाळ्याला बांधतात ते पांगाऱ्याचे बोये मागितले. पांगाऱ्याचं लाकूड कसं हलकं, नखाने दाबलं तरी खळगा पडतो. ती पाटी उतरवून माझ्याकडे बघतच राहिली.

“बोये कशाला रं तुला? होडी घेतलीस काय?”

“भाच्याच्या डोक्याला लावायचेत.”

“का? त्याचा डोका पान्यावर तरंगवायचाय?”

पण दुसऱ्या दिवशी पाटीभर घेऊन आली. मी त्यांच्या बोटभर जाडीच्या चकत्या केल्या, दोन चामड्यांच्या मधे शिवल्या, आतून काथ्या आणि सालोमीच्या जुन्या लुगड्याची घडी. हनुवटीखाली टांग्याच्या घोड्याचा पट्टा. दोन टोपरी केली, एक तुला, एक एकनाथला.

दुसरं काम दोरीचं. एक टोक तुमच्या मनगटाला आणि दुसरं इंजिनाच्या खुंटीला. माणूस गाडीवरून उडाला की दोरी खुंटी उपटणार आणि इंजिन जागच्या जागी गप्प. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. चारा कापायच्या यंत्राने माझ्या वडिलांचा हात घेतला, तेव्हा चाक थांबवायला कोणी नव्हतं. ते मी लहानपणी पाहिलं होतं, एवढंच.

सोमवारी सकाळी पुळणीवर गाव लोटलं होतं. सालोमी तळलेल्या मैद्याच्या फुग्यांची टोपली घेऊन आली होती. तू टोपरं घातलंस आणि हशा पिकला.

“अरे, बाळाला तीट लावा, दृष्ट लागेल!”

“दूध पाजून आणलाय ना?”

तू लालेलाल झालास. टोपरं काढून माझ्या हातात दिलंस. “मामा, तूच घाल हे. गाव हसतंय मला.”

मी काही बोलायच्या आत एकनाथ त्याच्या गाडीवरून खाली उतरला. त्याचं टोपरं डोक्यावर घट्ट होतं.

“कॉन्रॅड, घाल ते. नाहीतर मी सुटत नाही.”

“तुला काय करायचंय?”

“मी सुटलो नाही तर तू हरणार कोणाशी?”

तू हसलास आणि घातलंस. हा प्रसंग तुला आठवतो का रे? तुझ्या कोणत्याच पत्रात तो नाही. पट्टा मी नाही आवळला. एकनाथने आवळला, आणि दोरीची गाठही ओढून बघितली. मग मटिल्डाने, ती तेव्हा बारा वर्षांची, लाल रुमाल खाली केला आणि तुम्ही सुटलात.

आज इथेच थांबतो. सालोमी ओरडतेय की पेज निवतेय.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आता पुढचं.

तुला आठवतं ते असं. निम्मं अंतर गेल्यावर एकनाथने त्याची गाडी तुझ्या अंगावर घेतली, तू बिचकलास, पडलास. इस्पितळात डोळे उघडल्यावर तू पहिलं वाक्य बोललास ते हेच, “त्याने आडवी घातली.” गळ्याखालचं हाड मोडलेलं, गुडघा फुटलेला. एकनाथ पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि बाहेर गेला. डिसेंबरात तू आफ्रिकेला निघालास तेव्हा तो धक्क्यावर आला होता. तू तोंड फिरवलंस.

कॉन्रॅड, एकनाथने गाडी आडवी घातली नव्हती. तुझ्यापुढे वाळूत एक ठिकाण चकाकत होतं, हातभर लांबरुंद, जिथे पाणी अजून मुरत होतं. ते त्याला बाजूने दिसलं. तो जवळ आला आणि हात हलवून तुला बाहेर काढत होता. तुझं लक्ष शर्यत संपते तिथे रोवलेल्या बांबूंवर. तुझं पुढचं चाक त्या जागी गेलं आणि आसापर्यंत रुतलं. गाडी उलटी झाली. तू डोक्यावर पडलास आणि गाडी तुझ्या पायावर.

मी धावत पोचलो तेव्हा एकनाथ तुझ्या अंगावरून गाडी उचलत होता. इंजिन बंद होतं, कारण दोरीने खुंटी उपटली होती. ते चालू राहिलं असतं तर मागचं चाक तुझ्या मांडीवर फिरत राहिलं असतं. टोपऱ्याच्या डाव्या अंगाला चामडं फाटलं होतं. आत डोकं शाबूत. तू श्वास घेत होतास.

आणि ती जागा? तो खड्डा होता. कोणीतरी रेती काढलेली.

मी काढलेली.

ईस्टरआधी चाळीस दिवस आपल्यात लग्न लागत नाही, त्यामुळे ईस्टर झाला की लग्नांची रांग. शेजाऱ्यांकडे त्याच बुधवारी मांडव होता आणि अंगणात पसरायला रेती हवी होती. शनिवारी सकाळी ओहोटीला मी बैलगाडी घेऊन गेलो. वरची रेती बैलांच्या पायाखालची, शेणाची. म्हटलं, लग्नघर आहे, दर्याने धुतलेली नेऊ. म्हणून खाली ओल्या वाळूत उतरून काढली. खड्डा तसाच ठेवून आलो. आपल्यात कोणी रेतीचा खड्डा बुजवला आहे का कधी? दर्या बुजवतो, माझा बाप हेच म्हणायचा आणि त्याचाही बाप.

दर्याने बुजवला होताच. वरून फरशीसारखा सपाट. पण भरलेली वाळू आणि दाबून बसलेली वाळू यात फरक असतो. तो मला, आयुष्यभर भोकात खुंट्या बसवणाऱ्या माणसाला, कळायला हवा होता.

आधी शर्यतीची जागा उत्तरेला ठरली होती. सोमवारी तिथे कोळ्यांनी जाळी वाळत घातलेली, म्हणून आयत्या वेळी बांबू दक्षिणेकडे सरकवले. शनिवारचा खड्डा माझ्या ध्यानातच आला नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

वरची शेवटची ओळ खोटी आहे. आज चर्चमधल्या मिस्साहून आल्याबरोबर आधी ती दुरुस्त करतो.

खड्डा ध्यानात आला होता. बांबू रोवताना मी त्या जागी गेलो, पायाने एकदा दाबून पाहिलं. पाय थोडा आत गेला. मागे लोक ओरडत होते, “आलू, उरक, पाणी चढायला लागेल!” मी स्वतःला म्हटलं, कॉन्रॅड खड्ड्याच्या चार हात अलीकडून जाईल. आणि मनात आलं ते खरं सांगतो, आता सगळ्यांदेखत खड्डा दाबत बसलो तर टोपऱ्याला हसणार आहेतच, त्यावर आणखी हसतील. दोन टोपरी शिवायला मी महिना घातला. आणि दहा मिनिटं पाय आपटायला मला लाज वाटली.

एकनाथला हे त्याच दिवशी कळलं होतं, कारण शनिवारी नेलेली बैलगाडी त्याच्या वाडीची होती. तुला खाटेवर घालून नेत असताना त्याने मला विचारलं, “मामा, परवा रेती कुठून काढलीत?” मी त्याच्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं असेल कोण जाणे. तो म्हणाला, “राहू दे.” त्यानंतर आठ वर्षांत तो शब्द त्याने पुन्हा काढला नाही. इस्पितळात तू त्याच्यावर आळ घेतलास तेव्हा मी बोलेन म्हणून तो थांबला होता. मी बोललो नाही. तुझे वडील गेल्यावर सालोमीने तुला माझ्या ओटीत घातलं होतं. तिला काय तोंड दाखवू, याच भीतीने गप्प बसलो. तू बरा झालास की सांगू म्हटलं, मग तू परत आलास की सांगू म्हटलं, आणि तू तर आलाच नाहीस.

आणखी एक. दरवर्षी सालोमीच्या नावाने तुला सुकेळी येतात ना, केळीच्या सोपात बांधलेली? ती आपल्या घरची नाहीत. रुक्मिणीबाई सुकवते, एकनाथ बांधून आणून देतो, चार आपल्या घरी खायलाही ठेवतो, आणि म्हणतो, “नाव घालू नका, नाहीतर तो खाणार नाही.”

आज मिस्सानंतर मी सालोमीला समोर बसवलं. तुझ्या पत्राची गाळलेली ओळ वाचली. मग माझी ही पानं वाचली, पहिल्यापासून. ती वाटाणे सोलत होती. शेवटपर्यंत हात थांबला नाही. नंतर म्हणाली, “आठ वर्षं त्या पोराच्या घरची सुकेळी पुढ्यात घेऊन बसायचास. गोड लागायची?”

मी पानांची घडी घातली.

“पत्र टाक,” ती म्हणाली. “उद्या नाही, आजच.” आणि आत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढलं, पण ताट जमिनीवर ठेवताना आवाज आला.

मग एकनाथकडे गेलो. तो पानवेलीला काठ्या बांधत होता. म्हटलं, मी कॉन्रॅडला सगळं लिहिलं. त्याने आधी हातातली गाठ आवळली.

“आता कशाला, मामा? त्याला तिकडे ताप.”

“तुला आठ वर्षं होता त्याचं काय?”

तो हसला. “मला सवय झालीय.” मग विचारलं, “तिकडे तो फटफटी चालवतो का?”

“चालवतो, कामावर जायला.”

“डोक्याला काही घालतो का?”

मला ते ठाऊक नाही, म्हणून तुला विचारतो. घालतोस का रे? एकनाथ त्याचं टोपरं अजून घालतो. वसई स्टेशनवर भाजीच्या टोपल्या पोचवायला जातो, तेव्हाही. मनगटाची दोरी दोनदा झिजली, दोनदा माझ्याकडून नवी करून नेली. बाजारात पोरं हसतात, हा त्यांना त्यांच्या डोक्याचा भाव विचारतो.

आत्ता लिहिण्याआधी तुझ्या टोपऱ्याची डाव्या अंगाची शिवण उसवून पाहिली. आतला पांगारा चुरा झालाय, रव्यासारखा. बोटाएवढा एकही तुकडा सलग नाही. जे तुझ्या कवटीचं व्हायचं ते त्याचं झालं. चिमूटभर चुरा या पाकिटात घालतोय. पीटरला दाखव. तो उद्या सायकल मागेल, परवा फटफटी. तेव्हा त्याचं हसं झालं तरी चालेल, त्याला टोपरं शिव. आणि त्याला हेही सांग की टोपरं शिवणारा मामा शहाणा होता, पण पायाखालची वाळू त्याने नीट दाबली नाही. टोपरं असलं म्हणजे वाटेकडे पाहायची गरज नाही, असं पोराने समजू नये.

आता मटिल्डाच्या मांडवाचं. अंगणात रेती लागणारच. भरतीची वेळ काढायला मी तिथीला तीनने गुणून चारने भागून पाहिलं. शुक्रवारी, दहा जानेवारीला, पंचमी आहे. भरती पावणेचारची, म्हणजे ओहोटी साडेनऊच्या सुमारास. तुझ्या शर्यतीच्या दिवशीही पंचमीच होती. या वेळी रेती वरच्या अंगाची काढणार, चाळून घेऊ. खड्डा मी स्वतः बुजवणार, त्यावर दुरमूस ठोकणार आणि बांबूला लाल फडकं बांधून उभा करणार. गाव हसेल. हसू दे.

पण गाडी लागेल. बैल आता आपल्या आळीत एकाच घरी आहेत, एकनाथच्या. तो रेती आणून देईल, त्याचा प्रश्न नाही. तो अंगणात रेती टाकून कुंपणाबाहेर निघून जाईल. मटिल्डाचा मांडव त्याच रेतीवर उभा राहील आणि तो बाहेर. तसं मला या वेळी करवत नाही. गाडी सांगायची तर गाडीवाल्याला आमंत्रणासकट सांगेन, नाहीतर पाटी डोक्यावर घेऊन मी एकटा रेती वाहीन. माझं वय चौसष्ट आहे, तेव्हा दहा दिवस आधीपासून सुरुवात करावी लागेल.

म्हणून लवकर लिही. माझ्यावरचा राग खुशाल लिही, मोठा लिही, मी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यानेही वाचेन आणि सालोमीलाही वाचून दाखवीन, एक ओळ न गाळता. पण तो दुसऱ्या कागदावर. पहिल्या कागदावर फक्त गाडीचं कळव.

तुझा,
आलूमामा

ता. क. सालोमी आत्ता बाहेर आली आणि तिकिटाला डिंक लावून गेली. बोलली नाही, पण डिंक लावला.